सतरा, अठरा आणि मिठाचे पाणी

“म्हणजे निम्म्या जणींच्या नाकात नुसतं मिठाचं पाणी?” द्वारकाकाकूंनी विचारले, आणि जेवणघरातल्या साठ बायकांची कुजबुज थांबली.

मी हातातला कागद खाली घेतला. “हो, काकू. तीस जणींच्या बाटलीत औषध आणि तीस जणींच्या बाटलीत मिठाचं पाणी.”

“आणि कुणाच्या बाटलीत काय, ते?”

“मला माहीत नाही.”

“डॉक्टरीणबाईंना?”

“त्यांनाही नाही. यादी पुण्याला एका गृहस्थांकडे आहे, बंद पाकिटात. तीन महिने पुरे होईपर्यंत ती कुणी उघडायची नाही.”

“शाबास,” काकू म्हणाल्या. “वाढणाऱ्यालाच ठाऊक नाही वाटीत काय आहे ते. असली पंगत मी अख्ख्या जन्मात पाहिली नाही.”

बायका हसल्या. काकूंच्या उजव्या हाताला बसलेल्या शेवंताबाई हसता हसता खोकू लागल्या, आणि काकूंनी त्यांच्याकडे न पाहताच पाण्याचे भांडे त्यांच्यासमोर सरकवले.

स्वाइन फ्लूच्या साथीनंतरचा तो दुसरा हिवाळा. मिरजेबाहेर, कृष्णेच्या अंगाला, अन्नपूर्णा निवास नावाची एक संस्था होती. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांधून म्हाताऱ्या झालेल्या बायकांचे ते घर. कुणी लग्नकार्यात आचाऱ्यांच्या हाताखाली राबलेली, कुणी वसतिगृहात पोळ्या लाटणारी, कुणी तीस वर्षे एकाच घरी स्वयंपाक करून एके दिवशी ‘आता नको’ असे ऐकलेली. द्वारकाबाई पेंढारकरांनी मिरजेत विद्यार्थ्यांची खानावळ चालवली होती, चाळीस वर्षे. निवासाचे स्वयंपाकघर आता त्यांच्या ताब्यात होते, आणि स्वयंपाकघर ज्याच्या ताब्यात त्याचे ते घर, हे तिथल्या एकीलाही शिकवावे लागत नव्हते.

मी सव्वीस वर्षांचा होतो. मराठी घेऊन एम.ए. झालो होतो, चार कविता चार नियतकालिकांत छापून आल्या होत्या, आणि शब्द ही जगातली सर्वांत निरुपद्रवी वस्तू आहे असे मला वाटत होते. डॉ. इरावती गुणे वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. घरामागच्या दोन खोल्यांत त्यांची प्रयोगशाळा होती. अडुळसा आणि निर्गुडी यांच्या पानांच्या अर्कापासून त्यांनी नाकात फवारायचे एक औषध तयार केले होते. सर्दी-तापाच्या विषाणूंना ते अटकाव करील, निदान आजार सौम्य करील, अशी त्यांची धारणा होती. धारणेला अकरा वर्षे झाली होती.

“विषाणूला घरात शिरायचं तर दार एकच,” त्या म्हणत. “नाक. सगळे जण माजघरात लढाई करतात. मला उंबऱ्यावर पहारा बसवायचा आहे.”

त्या बोलत तेव्हा बोटांच्या टोकांवरचे हिरवट डाग आपोआप पदराखाली जात. एका कंपनीने शब्द दिला होता: या चाचणीत औषधाच्या आणि पाण्याच्या गटांत स्पष्ट फरक दिसला, तर पुढची मोठी चाचणी ते करतील. नाही दिसला, तर इथेच पूर्णविराम. बाईंचे वय एकसष्ट होते. आणखी अकरा वर्षे त्यांच्याजवळ नव्हती, आणि हे त्या एखादे तापमान सांगावे तशा कोरडेपणाने सांगत.

मला त्यांनी ठेवले होते ते कागदांसाठी. नोंदी ठेवायच्या, आणि त्याआधी संमतिपत्र मराठीत करायचे. त्यांच्या मसुद्यात एक वाक्य होते: ‘काही सहभागींना निष्क्रिय द्रावण देण्यात येईल.’

“बाई, हे त्यांना कळणार नाही,” मी म्हटले होते.

“मग कळेल असं लिहा. कळल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही.”

मी दोन दिवस त्या वाक्यावर घालवले. एखादी ओळ हाताशी येईपर्यंत घासावी तसे ते घासले. शेवटी लिहिले: ‘तुमच्या शेजारणीच्या बाटलीत औषध असेल आणि तुमच्या बाटलीत नुसते मिठाचे पाणी, किंवा याच्या उलट, असे होऊ शकते.’ बाईंनी ते वाचून मान हलवली. मला ते माझ्या छापून आलेल्या कवितांपेक्षा चांगले वाटले होते.

जेवणघरात मी तेच वाक्य दोनदा वाचून दाखवले. मग साठ अंगठे आणि सह्या घेतल्या, आणि बसल्या जागेच्या क्रमाने क्रमांक दिले. काकूंना सतरा आला. शेवंताबाईंना अठरा.

“मास्तर,” शेवंताबाईंनी बाटली हुंगली. मी कुठे शिकवत नव्हतो, पण कागद वाचणारा माणूस मास्तर, असा त्यांचा हिशेब होता. “ह्येला तर गवती च्याचा वास येतोय.”

“दोन्हींना तोच वास घातलाय. ओळखू येऊ नये म्हणून.”

“मग नाकात कशापायी घालायचं? च्याच द्या की करून.”

“तुला चहा दिला की तू साखर मागशील,” काकू म्हणाल्या. “ओढ नाकात गप.”

*

दर गुरुवारी सकाळी मी निवासात जाई. गेल्या आठवड्याच्या बाटल्या गोळा करायच्या, नव्या द्यायच्या, आणि प्रत्येकीला चार प्रश्न विचारायचे. ताप आला का. खोकला आला का. फवारा रोज दोनदा घेतला का. आणि चौथा: या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या कुणाची बाटली वापरली का.

“नाही,” सतरा म्हणे.

“न्हाई,” अठरा म्हणे. आणि कधी कधी पुढे: “दुसरीची कशाला? आपली हाय की.”

शेवंताबाई हजारे काकूंच्या खानावळीत भाकऱ्या थापायला आल्या तेव्हा तिशीच्या होत्या. चाळीस वर्षे चुलीच्या तोंडाशी बसून त्यांची छाती धुराने भरून गेली होती. श्वास घेताना त्यांच्या आत कुठेतरी एक बारीक शिट्टी वाजत राही, दूरच्या शेतात कुणी विसरलेल्या पाव्यासारखी. थंडी वाढली की शिट्टी वाढे. काकू तेव्हा बोलणे मध्येच थांबवून ऐकत, आणि मग पुन्हा तिथूनच बोलू लागत.

त्या दोघींची एक गोष्ट मला निवासातल्याच एकीने सांगितली होती. खानावळ काकूंच्या सासूबाईंच्या हाती होती तेव्हा शेवंताबाईंना जेवायला मागच्या पडवीत वेगळे बसवत. भात तोच, पण वरचे तूप नाही, ताक पातळ केलेले. महिनाभर काकूंनी ते पाहिले. मग एका दुपारी आपले ताट उचलले, पडवीत जाऊन शेवंताबाईंशेजारी मांडले, आणि सासूबाईंना हाक मारली: “आता वाढा. इथं दोघींना एकच.” त्या दिवसापासून खानावळीत पंक्तिप्रपंच झाला नाही. एका ओळीत बसलेल्यांपैकी एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे वाढणे, याहून मोठे पाप काकूंच्या जगात नव्हते. चोरी, खोटे बोलणे, ही त्यामानाने किरकोळ.

मला ती गोष्ट आवडली होती. मी ती वहीत उतरवून ठेवली होती, कधीतरी कवितेला उपयोगी पडेल म्हणून. माझ्या हातातल्या कागदाशी तिचा काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

प्रयोगशाळेत परतल्यावर मी एकेक बाटली काट्यावर ठेवून वजन लिही. किती द्रावण वापरले गेले ते त्यावरून कळे. साठ बाटल्या, साठ आकडे, आणि आकड्यांत फरक जवळपास नाही. सगळ्या जणी नेमाने, जवळपास सारखेच फवारे मारीत होत्या.

“इतकी शिस्त मी मुलींच्या वसतिगृहातसुद्धा पाहिली नव्हती,” बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. “कुंभोजकर, चाचणी अशी असावी लागते. स्वच्छ. अशा चाचणीत जे निघेल ते खरं निघेल.”

जानेवारीत गावात साथ आली. दवाखान्यांच्या पायऱ्यांवर माणसे बसू लागली. निवासातही ताप शिरला. आज ही, उद्या ती. मी तारखा लिहीत होतो. बाई नोंदवहीत वाकून पाहत, पण कुणाच्या बाटलीत काय हे ठाऊक नसल्याने त्या आकड्यांना अजून चेहरा नव्हता. एकदा त्या माझ्या मागे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “यांतल्या बहुतेक पाण्याच्या असाव्यात.” मग लगेच, “हे मी म्हटलेलं विसरा.”

फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारी, चाचणीचाही तो शेवटचा गुरुवार होता, मी गेलो तेव्हा सतरा क्रमांकाच्या उजवीकडची जागा रिकामी होती.

“मंगळवारी नेलं दवाखान्यात,” काकू म्हणाल्या. “ताप होता. शिट्टी बंद झाली एकदम. वाजत होती तोवर मला भीती नव्हती.”

त्यांनी माझ्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. आपली आणि तिची. मी चार प्रश्न विचारले. उत्तरे लिहिली. प्रयोगशाळेत जाऊन साठ वजने लिहिली. नोंदवही पुरी झाली.

शेवंताबाई रविवारी गेल्या.

सोमवारी मी भेटायला गेलो तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. डोळे कोरडे होते. त्यांनी मला बसा म्हटले नाही.

“ती यादी कधी उघडणार?”

“पंधरा दिवसांनी, काकू.”

“उघडलीत की मला येऊन सांगायचं. शेवंतेच्या बाटलीत काय होतं. बाकी तुमचं शास्त्र मला नको. तेवढं एक.”

“सांगेन,” मी म्हटले.

“शब्द?”

“शब्द.”

*

यादी आली ती मार्चमधल्या एका सकाळी. बाईंनी पाकीट कात्रीने कापले, फाडले नाही. आत एकच कागद होता: साठ क्रमांक, आणि प्रत्येकापुढे एक शब्द. औषध. पाणी. पाणी. औषध.

त्या पेन्सिलीने एकेक खूण करीत गेल्या. मी नोंदवहीतून आजारी पडलेल्यांचे क्रमांक वाचत होतो. माझ्या आवाजाखेरीज खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज होता. शेवटचा क्रमांक वाचून मी थांबलो. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग तिसऱ्यांदा.

“आठ,” त्या म्हणाल्या.

मी वाट पाहिली.

“आणि आठ.”

औषधाच्या गटात आठ आजारी, पाण्याच्या गटात आठ. तापाचे दिवस जवळपास तेवढेच. अकरा वर्षे आणि मिठाचे पाणी यांत काडीचाही फरक नव्हता.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. त्यांनी हात वर केला. पेन्सिलीचे टोक कागदावर एका जागी टेकून राहिले होते. मी वाकून पाहिले. सतरा: पाणी. अठरा: औषध.

“ज्या बाई गेल्या,” त्या अगदी सावकाश म्हणाल्या, “त्या औषधावर होत्या.”

“त्यांची छाती आधीच—”

“त्या माझ्या औषधावर होत्या, कुंभोजकर. उंबऱ्यावर पहारा बसवला होता मी.” त्यांनी पेन्सिल ठेवली. बोटांचे हिरवट डाग त्या दिवशी पदराखाली गेले नाहीत. टेबलावर तसेच उघडे पडून राहिले. “उद्या कंपनीला कळवते. संपलं. तुम्ही आज निवासात जाऊन सगळ्यांचे आभार मानून या. फार प्रामाणिकपणे केलं त्यांनी.”

मी यादीची एक प्रत दुमडून पिशवीत ठेवली. शब्द दिला होता.

निवासात पोहोचलो तेव्हा पंगत उठली होती. काकूंनी मला स्वयंपाकघरातच पाट दिला, ताट मांडले, आणि समोर बसल्या. आमटीची वाटी भरताना म्हणाल्या, “तोंड का उतरलंय? नापास झालात?”

“आम्ही नाही. औषध.”

“म्हणजे?”

“काही उपयोगाचं नाही असं निघालं. औषधवाल्या जितक्या आजारी पडल्या तितक्याच पाण्यावाल्याही पडल्या. सारख्याच.”

काकूंनी पळी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हते. एखाद्या मुलाने फार सोप्या गणिताला डोके धरून बसावे, तशा त्या माझ्याकडे पाहत होत्या.

“सारख्याच पडणार,” त्या म्हणाल्या. “सारखंच दिल्यावर.”

“काय सारखं?”

त्यांनी हनुवटीने फळीकडे दाखवले. घासून आरशासारखी केलेली एक स्टीलची तपेली तिथे पालथी होती, आणि तिच्याशेजारी एक लहान नरसाळे.

“तुम्ही गुरुवारी बाटल्या देऊन गेलात की आम्ही सगळ्या इथं बसायचो. टोपणं फिरवली की निघायची. साठही त्या तपेलीत ओतायच्या, ढवळायच्या, आणि पुन्हा एकसारख्या भरायच्या. तपेली उकळून घ्यायचो हो आधी, नरसाळंसुद्धा. एक थेंब सांडला नाही कधी. जिची बाटली तिलाच परत. नंबर चुकवला नाही.”

घास माझ्या हातात होता. तो तोंडाकडेही गेला नाही आणि ताटातही परतला नाही.

“पहिल्या गुरुवारपासून?”

“पहिल्या गुरुवारपासून.”

“मी दर आठवड्याला विचारत होतो, काकू.”

“काय विचारत होतात? दुसरीची बाटली वापरली का. नाही वापरली. खोटं कशाला बोलू?”

“पण मी सांगितलं होतं. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना पाणी, हीच तर चाचणी होती.”

“तुम्ही सांगितलंत म्हणूनच कळलं ना.” काकूंचा आवाज प्रथमच थोडा चढला. “तो कागद दुसऱ्या कुणी वाचला असता तर आम्ही अंगठे देऊन मोकळ्या झालो असतो, नेहमीसारख्या. तुम्ही नीट वाचलंत. तुमच्या शेजारणीच्या बाटलीत औषध असेल आणि तुमच्या बाटलीत नुसतं पाणी. हेच म्हणालात ना? शब्दन् शब्द आठवतो मला. मी शेजारी पाहिलं. शेवंता बसली होती. माझ्यात औषध आणि तिच्यात पाणी निघालं, तर मी ते नाकात कसं ओढू? तिची शिट्टी ऐकत? ह्या जेवणघरात एकीच्या पानात तूप आणि दुसरीच्या पानात नाही, असं मी जिवंत असताना होणार नाही. सगळ्यांना विचारलं. एकही नाही म्हणाली नाही.”

खिडकीबाहेर कुणीतरी भांडी विसळत होते. तो आवाज मला फार मोठा आणि फार लांब ऐकू येत होता. बाईंची अकरा वर्षे त्या तपेलीत ओतली गेली होती, ढवळली गेली होती, आणि साठ समान भागांत इतक्या काळजीने वाटली गेली होती की एक थेंबही सांडला नव्हता. दोन्हीकडे आठच का आले ते मला आता कळत होते.

“आता सांगा,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“शब्द दिलाय तुम्ही. शेवंतेच्या बाटलीत काय होतं?”

यादी पिशवीत होती, पिशवी माझ्या मांडीला टेकलेली होती. मी ती उघडली नाही. अठरा: औषध. सतरा: पाणी. या बाईने आपल्या हाताने, नरसाळे उकळून, आपले पाणी शेवंताबाईंच्या औषधात मिसळले होते, आणि शेवंताबाईंचे औषध आपल्यात घेतले होते. पूर्ण मात्रा मिळाली असती तर शेवंताबाई वाचल्या असत्या का, हे कुणालाच सांगता येणार नव्हते. सांगता येण्याचा एकच मार्ग होता, ही चाचणी, आणि तो त्या फळीवर पालथा घातलेला होता.

काकू माझ्याकडे पाहत होत्या. हात मांडीवर, तळवे वर. त्या हातांनी किती हजार पाने वाढली असतील.

“त्यांच्या बाटलीत पाणी होतं,” मी म्हटले.

“आणि माझ्या?”

“औषध.”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्यातलं तिला गेलं.”

“हो, काकू.”

“निम्मं.”

“निम्मं.”

“पुरलं नाही.” त्यांनी पदराने नाक पुसले. “पण नुसत्या पाण्यावर नाही गेली.”

“नाही.”

“जेवा,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या भातावर तूप वाढले. दुसऱ्याच क्षणी, सवयीने, त्यांचा हात माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळला, हवेत थांबला, आणि परत आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कंपनीचे पत्र लिहीत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. तपेली, नरसाळे, पहिल्या गुरुवारपासून.

त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम जे आले ते मी पुन्हा कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेले नाही. मिटलेल्या घराची एकच खिडकी कुणी आतून उघडावी तसे काहीतरी.

“म्हणजे ते हरलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्याची परीक्षाच झाली नाही.” हातातले पत्र त्यांनी उलटे ठेवले. “कुंभोजकर, ते हरलेलं नाही.”

मग त्यांची नजर यादीवर गेली आणि तिथे थांबली. खिडकी मिटताना मी पाहिली.

“अठरा नंबरला निम्मंच मिळालं,” त्या म्हणाल्या. ते त्यांनी मला सांगितले नाही, कागदाला सांगितले. थोड्या वेळाने विचारले, “द्वारकाबाईंनी विचारलं?”

“विचारलं.”

“काय सांगितलंत?”

“उलटं.”

बाईंनी आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. काट्यावर धूळ आहे म्हणून त्यांनी एकदा माझ्याकडून साठ वजने पुन्हा करून घेतली होती. त्या रागावतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी यादी घेतली, पाकिटात घातली, पाकीट कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवले, आणि खणाला कुलूप लावले.

“संमतिपत्राची एक प्रत द्या मला.”

मी दिली. त्यांनी ती वाचली. माझे वाक्य आले तिथे त्यांचे बोट थांबले.

“तीन पानांतलं हे एकच वाक्य साठही जणींना समजलं,” त्या म्हणाल्या. “फार चांगलं लिहिलं होतंत.”

त्या शब्दांत उपरोध नव्हता. असता तर मला सोसले असते.

“पुढं कधी चाचणी झालीच, तर हे वाक्य गाळू या, बाई. तुमचंच ठेवू. निष्क्रिय द्रावण.”

“नाही,” त्या म्हणाल्या. “ते ठेवायचं.”

त्या दिवशी त्यांनी कंपनीला खरे ते लिहिले: गट मिसळले गेले, चाचणी बाद समजावी, औषधाविषयी हो किंवा नाही, काहीच म्हणता येत नाही. कुणाचे नाव घेतले नाही. कंपनीने आभाराचे दोन ओळींचे उत्तर पाठवले. पुढची चाचणी कधी झाली नाही. बाई आता नाहीत. काकू त्यानंतर सात वर्षे जगल्या, आणि भेटलो की दर वेळी तेच म्हणायच्या, की निदान निम्मं तरी गेलं तिच्या वाट्याला. मी दर वेळी हो म्हटले. तेरा वर्षे झाली. त्यानंतर मी कविता लिहिली नाही.

त्या सकाळी मात्र बाईंनी मला बाटल्यांची खोकी माळ्यावर टाकायला सांगितली. शेवटच्या गुरुवारचे खोके वरच होते. मी सतरा आणि अठरा बाहेर काढल्या. का, ते सांगता येणार नाही. इतर सगळ्या बाटल्यांतले द्रावण सात दिवसांच्या फवाऱ्यांनी तळाशी गेले होते. शेवंताबाईंना मंगळवारी नेले होते. त्यांच्या बाटलीत दोन दिवसांचे द्रावण शिल्लक असणार, हे उघड होते. वजने मीच लिहिली होती. लिहिली होती, वाचली नव्हती.

मी दोन्ही बाटल्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. तपकिरी काचेतून द्रावणाची रेघ स्पष्ट दिसत होती. दोन्हींत ती एकाच उंचीवर थांबली होती: मंगळवारच्या.